मांडवीचे डॉक्टर : डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस (१८५६-१९३३)

संत पौलाने कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या अखेरीस संत लूकचा उल्लेख आपला लाडका वैद्य म्हणून केला आहे. शुभवर्तमानकार संत लूक हा म्हणूनच डॉक्टरांचा आश्रयदाता संत मानला जातो आणि त्याचा सण १८ ऑक्टोबर रोजी साजरा होतो. वाटेत जखमी होऊन पडलेल्या परक्या माणसाच्या जखमा बांधणाऱ्या शोमरोनी प्रवाशाचा दाखला केवळ लूकच्याच शुभवर्तमानात आढळतो, हा योगायोग नसावा असे आम्हांला वाटते. ज्याने रुग्णांची दुखणी जवळून पाहिली, त्यालाच तो दाखला विशेष मोलाचा वाटला असावा.

'लाडका वैद्य' हे बिरुद ज्यांना शोभेल असे कितीतरी ख्रिस्ती डॉक्टर मुंबई शहराला लाभले. त्यांत एक नाव अग्रभागी घ्यावे लागेल, आणि खेदाची गोष्ट ही की, आपल्याच भाविकांपैकी फार थोड्यांना ते ठाऊक आहे. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजेच प्लेगची साथ आली आहे हे सर्वप्रथम ओळखून ते जाहीरपणे सांगणारे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांच्या जीवनाचा आणि कार्याचा परिचय करून देण्यासाठी हा लेखप्रपंच.

हडफडे ते मांडवी

डॉ. व्हिएगस यांचा जन्म १ एप्रिल १८५६ रोजी गोव्यातील बारदेश तालुक्यातील हडफडे या गावी झाला. गोव्यावर त्या वेळी पोर्तुगीजांचा अंमल होता. शिक्षणासाठी आणि उपजीविकेसाठी मुंबईची वाट धरणाऱ्या गोमंतकीय ख्रिस्ती तरुणांची संख्या त्या काळी मोठी होती. अकासियो हेही त्याच वाटेने मुंबईस आले आणि पुढे भायखळा येथील ग्रँट मेडिकल कॉलेजमधून त्यांनी वैद्यकशास्त्राची पदवी उत्तम रीतीने संपादन केली.

१८४५ साली सुरू झालेल्या या महाविद्यालयाशी गोमंतकीय ख्रिस्ती समाजाचे नाते आरंभापासूनचे होते. १८५१ साली पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत भाऊ दाजी लाड यांच्याबरोबर सेबॅस्टियन कार्व्हालो आणि जुझे कामिलो लिस्बोआ हे ख्रिस्ती विद्यार्थी होते. चौल व वसई येथील प्राचीन अवशेषांवर १८७६ साली ग्रंथ लिहिणारे इतिहासकार डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा हेही व्यवसायाने डॉक्टर, आणि तेही हडफडे गावचेच. अशा परंपरेत डॉ. व्हिएगस वाढले. विद्या ही स्वतःच्या उत्कर्षासाठी असतेच, परंतु ज्या शहराने आसरा दिला त्याचेही आपण काही देणे लागतो, हा भाव या पिढीच्या डॉक्टरांत ठळकपणे दिसून येतो.

डॉ. व्हिएगस यांनी आपला व्यवसाय मांडवी भागात थाटला. किल्ल्याच्या आसपासचा प्रतिष्ठित भाग सोडून मांडवीत बसणे म्हणजे काय, हे समजण्यासाठी त्या वेळची मांडवी डोळ्यांपुढे आणली पाहिजे. बंदराला लागून असलेली ही वस्ती म्हणजे शहराचे धान्याचे कोठार. गोण्यांनी खच्चून भरलेली गोदामे, त्यांच्यावरच राहत्या खोल्या, अरुंद गल्ल्या, तुंबलेली गटारे आणि ऊन-वाऱ्याचा शिरकाव नसलेली घरे. व्यापारी, दलाल, हमाल, गोदीकामगार अशी नाना जातिधर्मांची माणसे तेथे दाटीवाटीने राहत. त्यांत ख्रिस्ती थोडे. हिंदू, जैन आणि मुसलमान यांचाच भरणा अधिक. तरीही १८८८ साली याच मांडवीतून डॉ. व्हिएगस मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनवर निवडून आले. गोव्याहून आलेल्या एका ख्रिस्ती डॉक्टरला या लोकांनी आपला प्रतिनिधी म्हणून पाठवावे, यातच त्यांनी संपादन केलेल्या विश्वासाची साक्ष आहे.

२३ सप्टेंबर १८९६

१८९६ च्या पावसाळ्यात मांडवीतील गोदामांत उंदीर मरून पडू लागले. त्यापाठोपाठ माणसांना एक विचित्र ताप येऊ लागला. थंडी वाजून एकाएकी ताप चढे, ग्लानी येई, जांघेत किंवा काखेत दुखरी गाठ उठे आणि थोड्याच दिवसांत रुग्ण दगावे. लोक त्याला 'गाठीचा ताप' म्हणू लागले. नवरोजी हिल परिसरातील व मांडवीतील असे रुग्ण डॉ. व्हिएगस यांच्या हाताखालून गेले. त्यांनी लक्षणे काळजीपूर्वक पाहिली आणि ते एका भयंकर निष्कर्षाप्रत आले.

दोनच वर्षांपूर्वी, १८९४ साली, हाँगकाँग येथे प्लेगने थैमान घातले होते. त्याच साथीत अलेक्झांडर येर्सँ आणि शिबासाबुरो किटासाटो या शास्त्रज्ञांनी या रोगाच्या जंतूचा शोध लावला होता. हाँगकाँग आणि मुंबई यांच्यामध्ये जहाजांची सतत ये-जा होती. तरी हा रोग आता जुन्या इतिहासात जमा झाला, अशीच मुंबईतील बहुतेकांची समजूत होती.

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. व्हिएगस यांनी कॉर्पोरेशनच्या स्थायी समितीपुढे ही बाब मांडली. मांडवीत पसरलेला ताप हा साधा हिवताप नसून ग्रंथिक प्लेग आहे, असे त्यांचे निदान होते. प्रशासनाकडून आरंभी 'संशयास्पद ताप' असा मोघम शब्दप्रयोग होत राहिला. पुढे इतर तज्ज्ञांकडून पडताळणी करवून घेण्यात आली आणि डॉ. व्हिएगस यांचे निदान अचूक असल्याचे सिद्ध झाले.

सत्य बोलण्याची किंमत

रोगाचे निदान करणे हे डॉक्टरचे नित्याचे काम. मग त्यात विशेष ते काय, असा प्रश्न आजच्या वाचकाच्या मनात येईल. त्याचे उत्तर मुंबईच्या बंदरात सापडते. मुंबईचे सारे वैभव बंदरावर आणि कापसाच्या व्यापारावर उभे होते. 'प्लेग' हा एक शब्द जाहीर होताच परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना दारे बंद करणार, माल अडकून पडणार, गिरण्या थंडावणार आणि हाजी यात्रेकरूंचा प्रवास थांबणार, हे उघड होते. झालेही तसेच. १८९७ च्या आरंभी व्हेनिस येथे आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली आणि मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर कडक निर्बंध लादले गेले.

म्हणजे ज्या व्यापाऱ्यांच्या मतांवर डॉ. व्हिएगस निवडून आले होते, त्यांच्याच व्यवसायावर त्यांच्या निदानाने गंडांतर येणार होते. मौन पाळणे सोयीचे होते. आणखी काही आठवडे 'ताप' म्हणून वेळ मारून नेणेही शक्य होते. तसे केले असते तर कोणी त्यांना दोष दिला नसता. परंतु रोगाचे नाव दडवले तर उपाय कशावर करायचा? अंतरीची खूण पटली की ती बोलून दाखवावी, मग परिणाम काहीही होवोत, ही सद्सद्विवेकबुद्धीची शिकवण त्यांनी आचरणात आणली. आमच्या मते डॉ. व्हिएगस यांच्या जीवनातील सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. त्यांचे वैद्यकीय ज्ञान इतर अनेकांपाशीही होते. ते ज्ञान योग्य वेळी, योग्य ठिकाणी, निर्भयपणे सांगण्याचे धैर्य मात्र फार थोड्यांपाशी होते.

हादरलेले शहर

पुढचे काही महिने मुंबईच्या इतिहासातील अत्यंत दारुण असे ठरले. १८९१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गावोगाव पळाले होते. गिरगावातील वाड्या ओस पडल्या, परळ-लालबागच्या गिरण्यांना कामगार मिळेनासे झाले. पळणाऱ्यांबरोबर रोगही पसरला. पुण्यात प्लेगग्रस्तांची सेवा करीत असताना सावित्रीबाई फुले यांना या रोगाने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील तीन-चार दशकांत भारतभर या साथीने सुमारे १ कोटी २० लाख बळी घेतले. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ इतकी खाली आली होती.

सरकारने योजलेले उपाय कठोर होते. ६ ऑक्टोबर १८९६ रोजी घरांत शिरून तपासणी करण्याचे व रुग्णांना सक्तीने वेगळे ठेवण्याचे अधिकार जाहीर झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा संमत झाला. मार्च १८९७ मध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमण्यात आली. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर 'यू. एच. एच.' ही इंग्रजी अक्षरे रंगवली जात. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून छपरांची कौले काढली जात. आई-बापांपासून लेकरे आणि नवऱ्यापासून बायको वेगळी केली जाई. लोकांच्या मनात रोगापेक्षा इस्पितळाचीच भीती अधिक बसली. 'तेथे गेलेला परत येत नाही' अशी बोलवा झाली. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोड येथील साथरोग रुग्णालयावर चाल केली. पुण्यात तर संतापाचा कडेलोट होऊन २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या.

अशा वेळी लोक आणि सरकार यांच्यामध्ये उभे राहू शकतील अशी माणसे हवी होती. ज्यांच्या शब्दावर गल्लीतील माणूस विश्वास ठेवील आणि ज्यांच्या विद्येचा मान अधिकारीही राखतील, अशी ती माणसे. डॉ. व्हिएगस हे त्यांपैकी एक होते. दाटीवाटीच्या वस्त्यांची साफसफाई आणि उंदरांचा नायनाट यांसाठी त्यांनी हिरिरीने मोहीम चालवली. उंदरांवरील पिसवांमार्फत प्लेग माणसाला जडतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराची येथे प्रयोगाने दाखवले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. त्याआधीच मेलेले उंदीर आणि माणसांचा ताप यांच्यातील संबंध गंभीरपणे घ्यावयास हवा, हे मांडवीच्या या डॉक्टरांनी ओळखले होते.

हाफकिन यांची लस आणि डॉक्टरांचा हात

ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारने वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञास मुंबईस पाचारण केले. रशियन साम्राज्यातील ओडेसा येथे ज्यू कुटुंबात जन्मलेल्या आणि पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेल्या हाफकिन यांनी पटकीची लस त्याआधीच तयार केली होती. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात, अत्यंत तुटपुंज्या साधनांनिशी, त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती सर्वप्रथम स्वतःला टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात तिची चाचणी झाली.

लस तयार झाली तरी ती टोचून कोण घेणार? टोचल्यावर सडकून ताप येई, हात सुजे. लसीविषयी नाना अफवा पसरल्या होत्या. धर्म बुडेल, वंश खुंटेल, असेही लोक म्हणत. तिसरे आगाखान यांनी आपल्या अनुयायांसमोर स्वतः लस टोचून घेतली आणि अनेकांची भीती दूर केली. डॉ. व्हिएगस यांनी हेच काम घरोघरी आणि माणसागणिक केले. सुमारे १८,००० लोकांना त्यांनी स्वतः लस टोचली, असे त्यांच्या चरित्रात नमूद आहे. या आकड्यामागचे कष्ट ध्यानात घ्यावेत. एकेका माणसाला समजवायचे, त्याच्या शंका ऐकून घ्यायच्या, घरातील वडीलधाऱ्यांची संमती मिळवायची आणि मग सुई टोचायची. रोग्याच्या सान्निध्यात राहून स्वतःस लागण होण्याची भीती होतीच. या साथीत रुग्णसेवा करता करता काही डॉक्टर व परिचारिका मृत्युमुखी पडल्या होत्या.

प्रभू येशूने महारोग्याला बरे करताना दुरून शब्द उच्चारला नाही, तर हात पुढे करून त्याला स्पर्श केला, असे शुभवर्तमान सांगते. साथीच्या दिवसांत स्पर्श हीच सर्वांत मोठी भीती असते. म्हणूनच त्या दिवसांत रोग्याजवळ बसणाऱ्या डॉक्टरचा, परिचारिकेचा आणि धर्मभगिनीचा हात आम्हांला ख्रिस्ताच्या हाताची आठवण करून देतो.

परळचा जुना मठ

हाफकिन यांच्या प्रयोगशाळेला जागा अपुरी पडू लागली, तेव्हा काही स्थलांतरांनंतर १८९९ साली ती परळ येथील जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. त्याच वर्षी १० ऑगस्ट रोजी 'प्लेग रिसर्च लॅबोरेटरी' म्हणून तिचे उद्घाटन झाले. १९२५ साली तिला 'हाफकिन इन्स्टिट्यूट' हे नाव मिळाले.

या वास्तूविषयी आपल्या भाविकांनी एक गोष्ट अवश्य जाणून घ्यावी. पोर्तुगीज काळात येथे धर्मसंन्याशांचा मठ आणि चॅपेल होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजांनी ते ताब्यात घेतले आणि पुढे ते मुंबईच्या गव्हर्नरांचे निवासस्थान बनले. १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या पत्नीचे येथेच पटकीने निधन झाले आणि त्यानंतर गव्हर्नरांनी परळचे निवासस्थान सोडले. प्लेगच्या दिवसांत रुग्णांना ठेवण्यासाठीही या जागेचा उपयोग झाला. जेथे एके काळी मिस्साबलिदान होत असे, तेथेच पुढे लाखो जीव वाचवणारी लस तयार होऊ लागली. मठ गेला, गव्हर्नर गेले, आणि अखेर ती वास्तू रुग्णांच्या सेवेला लागली.

सार्वजनिक जीवन

प्लेगने एक धडा शिकवला होता. रोग्याला औषध दिले, परंतु त्याची अंधारी खोली आणि तुंबलेले गटार तसेच राहिले, तर रोग परत येणारच. हा धडा मनात ठेवून १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढण्यात आले, जेणेकरून समुद्रावरचा वारा शहराच्या आतपर्यंत पोहोचावा. उत्तरेकडे दादर-माटुंगा येथे मोकळ्या हवेच्या वसाहतींची आखणी झाली. ट्रस्टने कष्टकऱ्यांसाठी चाळीही बांधल्या. आज दादरच्या हिंदू कॉलनी-पारशी कॉलनीतील झाडांच्या सावलीतून चालणाऱ्यास त्या रस्त्यांचे मूळ मांडवीच्या प्लेगमध्ये आहे, हे सांगूनही खरे वाटणार नाही.

डॉ. व्हिएगस यांच्यासाठी नगरपालिकेचे काम हा वैद्यकीय व्यवसायाचाच विस्तार होता. दवाखान्यात जे दिसे ते ते सभागृहात सांगत. १९०६ साली ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय ख्रिस्ती होत. संख्येने लहान असलेल्या समाजातील एका व्यक्तीस सर्व शहराने आपला पहिला नागरिक मानले, याला त्यांची जात, भाषा वा धर्म कारण नव्हता. दहा वर्षांपूर्वीच्या त्या काळ्या दिवसांत ते कोठे उभे होते, हे शहराने पाहिले होते.

द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने (१९६२-१९६५) प्रापंचिकांच्या पाचारणाविषयी मोलाचे मार्गदर्शन केले. ऐहिक व्यवहारांत राहून, ते व्यवहार परमेश्वराच्या इच्छेनुरूप घडवणे हे प्रापंचिकांचे खास कार्य आहे, ही ती शिकवण. डॉ. व्हिएगस यांचे निधन या परिषदेच्या कितीतरी वर्षे आधी, १९३३ साली झाले. तथापि या शिकवणीचे जिवंत उदाहरण शोधायचे तर ते त्यांच्या जीवनात सापडते.

प्लेगचे क्रूस आणि आरोग्यमाता

प्लेगच्या काळातील भक्तीच्या खुणा आजही आपल्या भोवती आहेत. गिरगाव, माझगाव, बांद्रा इत्यादी ठिकाणी रस्त्याच्या कडेला, गावठाणांच्या तोंडाशी जे दगडी क्रूस दिसतात, त्यांपैकी अनेक प्लेगच्या वर्षांत उभारलेले आहेत. साथीपासून रक्षण व्हावे म्हणून, किंवा रक्षण झाले त्याची कृतज्ञता म्हणून, लोकांनी ते बांधले. संत सेबॅस्टियन आणि संत रॉक या साथीच्या रोगांपासून रक्षण करणाऱ्या संतांचा धावा केला जाई. संध्याकाळी वाडीतील माणसे क्रूसापाशी जमून रोजरीची प्रार्थना करीत.

कोणी म्हणेल, एकीकडे लस आणि दुसरीकडे क्रूस, यांचा मेळ कसा घालायचा? आमच्या पूर्वजांना हा प्रश्न पडला नसावा. ज्या गुडघ्यांवर त्यांनी प्रार्थना केली, त्याच पायांनी ते डॉक्टरकडेही गेले. आजारी पडल्यावर वैद्याचा मान राखावा, कारण त्यालाही परमेश्वरानेच निर्माण केले आहे, असा उपदेश बेनसिराच्या पुस्तकात आहे. श्रद्धा आणि वैद्यकशास्त्र यांना एकमेकांचे वैरी मानण्याची चूक ख्रिस्तसभेने करू नये, यासाठी तो उपदेश आजही उपयोगी आहे.

काळबादेवीजवळच्या कावेल या जुन्या ख्रिस्ती वस्तीतील रस्त्याला डॉ. व्हिएगस यांचे नाव देण्यात आले आहे. त्याच रस्त्यावर आरोग्यमातेचे चर्च आहे. शहराच्या आरोग्यासाठी झटलेल्या डॉक्टरच्या नावाचा रस्ता आरोग्यमातेच्या दाराशी जातो, यापेक्षा उचित स्मारक कोणते असणार? धोबीतलाव येथे मेट्रो चित्रपटगृहासमोर त्यांचा पुतळाही उभारण्यात आला. त्या चौकातून रोज हजारो माणसे जातात. महाविद्यालयीन तरुण असतात, कचेरीत जाणारे असतात, आपल्यापैकीही पुष्कळ असतात. पुतळा कोणाचा, हे मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

आपल्यासाठी संदेश

२०२० साली करोनाची साथ आली तेव्हा मुंबईतील पहिल्या रुग्णांवर उपचार झाले ते कस्तुरबा रुग्णालयात. हे रुग्णालय म्हणजेच पूर्वीचे आर्थर रोड साथरोग रुग्णालय. अंमलात आणला गेलेला कायदा तोच, १८९७ चा. भीतीही तीच. डॉक्टरांना घरात येऊ न देणारे शेजारी आणि परिचारिकांवर हात उगारणारे नातेवाईक आपण त्या वर्षी पाहिले. आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांना शिक्षा व्हावी म्हणून त्याच वर्षी या जुन्या कायद्यात दुरुस्ती करावी लागली. सव्वाशे वर्षांत औषधे बदलली, माणसाचे मन फारसे बदललेले नाही.

म्हणून डॉ. व्हिएगस यांचे स्मरण करताना तीन गोष्टी मनाशी बाळगाव्यात असे आम्हांला सुचवावेसे वाटते. पहिली, सत्य वेळेवर सांगणे. कुटुंबात असो, धर्मग्रामात असो वा समाजात, दुखण्याचे नाव टाळल्याने दुखणे बरे होत नाही. दुसरी, सत्य सांगून बाजूला न होणे. डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि मग त्याच गल्ल्यांत हजारोंना लस टोचण्यासाठी ते फिरले. तिसरी, आपल्या व्यवसायातील अनुभव सार्वजनिक कामास लावणे. चांगल्या माणसांनी नगरपालिकेकडे, ग्रामपंचायतीकडे पाठ फिरवली, तर गटारे तुंबलेलीच राहतील.

आपल्या प्रत्येक धर्मग्रामात एखादे वयोवृद्ध डॉक्टर असतात. आता त्यांचा दवाखाना बंद झालेला असतो, हात थरथरत असतो. परंतु गावातील अर्ध्या माणसांचा जन्म त्यांच्या डोळ्यांदेखत झालेला असतो आणि कोणाकडून किती पैसे घ्यायचे राहिले, हे त्यांनी कधीच मोजलेले नसते. संत लूकच्या सणाच्या निमित्ताने त्यांच्या घरी जावे, त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि मिस्साबलिदानात त्यांच्यासाठी प्रार्थना करावी. डॉ. व्हिएगस यांच्याविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे ते त्यांच्या सार्वजनिक कार्यामुळे नोंदले गेले. लहान गावांतील, लहान गल्ल्यांतील डॉक्टरांची नोंद आपण केली नाही तर दुसरे कोण करणार?

संक्षिप्त जीवनपट

१८५६ : १ एप्रिल रोजी हडफडे, बारदेश, गोवा येथे जन्म.
१८८८ : मांडवी भागातून मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनवर निवड.
१८९६ : २३ सप्टेंबर रोजी मुंबईतील प्लेगची साथ स्थायी समितीपुढे उघड केली.
१८९७ व त्यानंतर : हाफकिन यांच्या लसीच्या प्रसारात सक्रिय सहभाग.
१९०६ : मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष.
१९३३ : निधन.

परमेश्वर त्यांच्या आत्म्यास चिरशांती देवो आणि आपल्या डॉक्टरांना, परिचारिकांना व सर्व आरोग्यसेवकांना त्यांचे धैर्य लाभो, हीच आरोग्यमातेच्या चरणी प्रार्थना.